गाठोड्यातला खोकला

गाठोडं खोकलं, तेव्हा गोष्टीतली म्हातारी डोंगराच्या अर्ध्या वाटेवर होती.

तिचा मुलगा तिला पाठीवर घेऊन डोंगर चढत होता. म्हातारी माणसं डोंगरावर नेऊन सोडायची, खाणारी तोंडं कमी करायची, असा गावच्या धन्याचा हुकूम होता. पाठीवर बसलेली म्हातारी जाता जाता हात लांबवून झाडांच्या फांद्या मोडत होती आणि खाली टाकत होती. दातार सेन्सेई हे सगळं जपानीत, एकेक वाक्य करून सांगत होत्या. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबायच्या, आम्ही मुली 'हाय' म्हणून हुंकार द्यायचो, मग पुढचं वाक्य यायचं. 'हाय' म्हणजे हो. सेन्सेई म्हणजे मास्तर, किंवा आमच्या बाबतीत मास्तरीणबाई.

"मुलानं विचारलं, आई, फांद्या का मोडतेस?" सेन्सेई म्हणाल्या आणि थांबल्या.

त्या शांततेत टेबलावरचं निळं गाठोडं खोकलं. आधी एक कोरडी ढास, मग दोन ओल्या, आणि शेवटी घशातून बारीक शिट्टी.

मी नर्स आहे. खोकला मला माणसाच्या चेहऱ्यासारखा ओळखता येतो. हा पिकल्या वयाचा, जुन्या दम्याचा खोकला होता आणि तो गाठोड्यातूनच आला होता, याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती. सेन्सेईंनी झटकन तोंडाला रुमाल लावला आणि स्वतः खोकल्यासारखं केलं. त्यांचं खोकणं इतकं खोटं होतं की आमच्या गावच्या नाटकात त्यांना भालदाराचं कामसुद्धा मिळालं नसतं.

"आज गोष्ट इथंच थांबवू," त्या मराठीत म्हणाल्या, गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या.

माझ्या शेजारी बसलेली तबस्सुम मुजावर माझ्या कानाला लागली. "त्रिशला, तू ऐकलीस का? का मलाच भास झाला?"

"ऐकलं."

"मग? बाईंनी कुणाला बांधून ठेवलंय का काय आत?"

हे सगळं मिरजेत घडत होतं. सतारमेकर गल्लीत एका तंबोऱ्याच्या कारखान्यावर, माडीवर आमचा वर्ग होता. जिन्यात वाळत घातलेले भोपळे, लाखेचा वास, आणि खाली दिवसभर कुणीतरी तार छेडून कान लावून बसलेलं. उत्तर जपानातल्या, बर्फाच्या मुलखातल्या एका वृद्धाश्रमाला दोन नर्स हव्या होत्या. त्यासाठी आम्ही नऊजणी सहा महिने जपानी शिकत होतो. शेवटी मुलाखत, आणि त्यातून दोघी.

मला त्या दोघींत असणं भाग होतं. आदल्या वर्षी मुंबईच्या एका एजंटनं मला कुवेतच्या दवाखान्यात लावतो म्हणून सांगितलं, माझा पासपोर्ट घेतला आणि तो जो गेला तो गेला. त्याआधी आईनं जयसिंगपुरात घरोघरी पेढे वाटले होते. तेव्हापासून माझं नाव 'कुवेत' पडलं होतं. भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय कुवेतबाई, दोडका देऊ का?" मी दवाखान्यात नोकरीला जायची ती लोकांच्या नजरा चुकवून, मागच्या गल्लीनं. पुन्हा एकदा हसं झालं असतं, तर मी गावात राहू शकले नसते. हे मी आज हसून सांगते, तेव्हा हसू येत नव्हतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते. आणि संशय आमच्या घरात तसाही वारशानं आलेला. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. बैलगाडी काट्यावर आली की वजन वाढवायला काट्यावर कुणी पाय दाबून ठेवलाय का ते आधी बघायचे, मग आकडा.

पहिल्याच आठवड्यात मला दातार सेन्सेईंचं काहीतरी खटकलं. बाई साठीच्या, नीटनेटक्या, पुण्याकडच्या बोलीतल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या उत्तर जपानात बरीच वर्षं राहून आल्या होत्या. आम्ही सांगली-कोल्हापूरकडच्या पोरी 'मी आलो', 'मी चाललो' म्हणायचो, तेव्हा त्या पहिल्यांदा दचकल्या आणि मग हसल्या. शिकवायच्याही छान. पण सकाळचे साडेदहा वाजले, की हातातला धडा अर्धवट टाकून त्या उठायच्या. दार लावायच्या. मग भर उन्हाळ्यात पंखा बंद करायच्या. मिरजेच्या मे महिन्यात पंखा बंद करणारं माणूस एकतर वेडं असतं नाहीतर त्याच्या मनात काहीतरी असतं. नंतर आतून ते निळ्या कापडात बांधलेलं गाठोडं यायचं, आमच्याकडं तोंड करून टेबलावर बसायचं. आम्ही एकेकीनं आपलं नाव जपानीत सांगायचं. रोज तीच माणसं, रोज तीच नावं. आणि मग "मुकाशी, मुकाशी", म्हणजे फार फार पूर्वी, करून गोष्ट सुरू व्हायची.

गोष्टी चांगल्या होत्या, ते नाकारत नाही. कासवाला वाचवणाऱ्या कोळ्याची, जीभ कापलेल्या चिमणीची, आपलीच पिसं उपटून कापड विणणाऱ्या पक्षिणीची. "भाषा गोष्टीतून शिकली की हाडात मुरते," सेन्सेई म्हणायच्या. "मी अशीच शिकले. पुस्तक नंतर हातात आलं. आणि हुंकार विसरायचा नाही. तिकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही, तर सांगणारा पुढं जात नाही. तुमच्याकडं आजी गोष्ट सांगताना काय म्हणायची?"

"हुं म्हण, नाहीतर मी झोपतो, म्हणायची," तबस्सुम म्हणाली आणि वर्ग हसला.

हुंकारात सगळ्यांत पुढं सुवार्ता आवळे. मिशनच्या दवाखान्यात वाढलेली, हुशार, उच्चार असे की डोळे मिटले तर जपानीच बाई बोलतेय वाटावं. सेन्सेईंचं वाक्य संपायच्या आत तिचं 'हाय' हजर. माझा हुंकार सगळ्यांच्या मागून, एकटाच यायचा. एकदा सेन्सेई म्हणाल्या, "त्रिशला, तुझा हुंकार नेहमी उशिरा येतो. वाक्य कळत नाही का?"

"कळतंय की. पटतंय का बघतो."

"गोष्टीत काय पटायचं असतं?"

"गोष्टीतलं न्हवं, सेन्सेई. सांगणारं माणूस बघतो."

त्या माझ्याकडं न बघता गाठोड्याकडं बघून हसल्या. ते हसू मी मनात नोंदवून ठेवलं.

मग सुवार्तानंच एक दिवस आगीत तेल ओतलं. डबा खाताना पुस्तक उघडून म्हणाली, "हे बघा गं. बाई गोष्टीत जे शब्द वापरतात, त्यातले कितीतरी पुस्तकात न्हाईतच. मी कोशात पण बघितलं. परीक्षेत हे काय येणार न्हाई."

"म्हंजे बाईंची जपानी खोटी?" तबस्सुमचा घास हातातच राहिला.

"खोटी कशाला असंल. पण कुठली आहे देव जाणे."

त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना. माझ्या डोळ्यांपुढं तो एजंट यायचा. त्याचंही बोलणं असंच गोड होतं, आणि त्याचंही एक बंद पाकीट होतं जे तो कधी उघडायचा नाही. तबस्सुमची रोज नवी अटकळ. बाई आपले आवाज टिपून घेतात आणि कुठंतरी विकतात. बाई आपल्यावर नजर ठेवायला कुणालातरी लावतात. एकदा तर म्हणाली, आत नवऱ्याच्या अस्थी असतील. अस्थी खोकत नाहीत, हे गाठोडं खोकलं तेव्हा कळलं, एवढाच काय तो फायदा.

गाठोडं खोकलं त्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी थांबले. सेन्सेई फळा पुसत होत्या.

"सेन्सेई, गाठोड्यात काय हाय?"

त्यांचा हात थांबला. पण त्या चिडल्या नाहीत, हेही मला संशयास्पद वाटलं.

"मुलाखत होऊ दे. त्यानंतर मी स्वतः उघडून दाखवीन."

"आत्ता का न्हाई?"

"आत्ता दाखवलं तर त्याचा उपयोग संपेल."

"कुणाचा उपयोग? आमचा का तुमचा?"

"तुमचा. असं मला वाटतं." त्यांनी फळ्याचं फडकं खाली ठेवलं. "त्रिशला, तुझा विश्वास नसेल तर तू नाव काढून घेऊ शकतेस. मला वाईट वाटेल, पण मी अडवणार नाही. माझ्याकडून एवढंच सांगते, की त्यात तुमच्या वाइटाचं काही नाही."

"एजंट पण हेच म्हणालता."

त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "म्हणाला असेल," त्या म्हणाल्या. "वाईट माणसं आणि चांगली माणसं बरेचदा तेच वाक्य वापरतात. पुढचं तू बघ."

घरी जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. आई आतून म्हणाली, "सोड जा ते. पुन्हा गावात तोंड दाखवायची सोय राहायची न्हाई." अण्णांनी तिचं बोलणं संपू दिलं.

"बाई बोलताना नजर देत्यात का?"

"देतात."

"तू गाठोड्याचं विचारलीस तेव्हा?"

"तेव्हा पण दिली."

"काट्यावर पाय ठेवणारा माणूस नजर देत न्हाई बघ," अण्णा म्हणाले. "मी जन्मभर बघितलंय. काहीतरी झाकलंय बाईंनी, ते खरं. पण लबाडी न्हवं ती. थांब. आणि डोळं उघडं ठेव."

मी थांबले. डोळे उघडे ठेवले आणि कानही. गाठोडं पुन्हा खोकलं नाही. डोंगराची गोष्ट मात्र सेन्सेईंनी पुरी केली नाही. सुवार्तानं आठवण करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती राहू दे सध्या." हेसुद्धा मी नोंदवलं.

मुलाखत वर्गातच झाली. टेबलावर मोठा पडदा लावलेला, सेन्सेई कोपऱ्यात खुर्चीवर. एकेकीनं आत जायचं. खालच्या कारखानदारांना सेन्सेईंनी विनंती केली होती, म्हणून त्या दिवशी तारा गप्प होत्या. सुवार्ता बाहेर आली ती गालात हसत. "सगळं आलं," ती म्हणाली. मला तिचा राग आला नाही. तिला येणारच होतं. पण आता जागा एकच उरली, हे मनात आलं.

पडद्यावर चष्मा लावलेला, चाळिशीचा गृहस्थ होता. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, ओइकावासान; 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी, जांभळा स्वेटर, मांडीवर घोंगडी. डोळे मिटलेले. झोपली असावी असं मला वाटलं.

ओइकावासाननी विचारलं, जपानात का यायचंय? या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा घोकलं होतं, की आमच्या घरचं मांजरही ते म्हणू शकलं असतं. पहिलं वाक्य गेलं. दुसरं गेलं. तिसरं आलंच नाही. डोक्यात निव्वळ पांढरं. मी तोंड उघडलं, मिटलं. ओइकावासान थांबले, मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहिणं मी पाहिलं आणि मला जयसिंगपूरची भाजीवाली दिसली. काय जपानबाई, दोडका देऊ का?

तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले.

"मुकाशी, मुकाशी," ती म्हणाली.

ओइकावासाननी वळून पाहिलं, पण तिला थांबवलं नाही. ती सांगू लागली. खर्जातला आवाज, सावकाश. एक गाव होतं. गावात एक मुलगा आणि त्याची आई. शब्द पुस्तकातले नव्हते. ते दातार सेन्सेईंच्या गोष्टीतले होते, सुवार्ताला कोशात न सापडलेले, तेच. म्हणजे ही जपानी खोटी नव्हती. ही या बाईच्या गावची होती.

मी सावध झाले. मुलाखतीत गोष्ट कशाला? ही परीक्षा आहे का सापळा? प्रत्येक वाक्य मी आधी मनात उलटंपालटं करून बघितलं, त्यात काही फसवं नाही ना याची खात्री केली आणि मगच हुंकार दिला. गडबडीत 'हाय' न म्हणता आपलं मराठी 'हुं' गेलं. म्हातारी प्रत्येक वेळी तेवढा वेळ थांबली. तिला घाई नव्हती.

मुलगा डोंगर चढू लागला. आई पाठीवर. फांद्या मोडत होती, टाकत होती.

"मुलानं विचारलं, आई, फांद्या का मोडतेस?" म्हातारी म्हणाली. आणि पुढं झुकून मला विचारलं, "तू सांग. का मोडत होती?"

ही गोष्ट मला पुरी माहीत नव्हती. कोपऱ्यातल्या सेन्सेईंकडं पाहिलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग मला जे खरंच वाटत होतं, तेच मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं.

"मुलगा तिला सोडून गेला, की ती त्या खुणांवरून परत येणार. म्हातारीचा परत यायचा विचार आहे."

 म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली. आधी एक कोरडी, मग दोन ओल्या, आणि शेवटी घशातून बारीक शिट्टी.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. मुलाखत, शिष्टाचार, जागा, सगळं विसरले.

"तुम्ही होता," मी म्हणाले. "गाठोड्यात तुम्ही होता."

ओइकावासान गोंधळून सेन्सेईंना काही विचारू लागले. म्हातारीनं हात वर करून त्यांना गप्प केलं. तिचं बोलणं मराठीत सांगायचं, तर ते आमच्या शिरोळकडच्या एखाद्या म्हातारीच्याच तोंडी शोभेल.

"व्हय, मीच. आणि ती समद्यांच्या मागनं हुंकार देणारी पोरगी तूच न्हवं? आज खाली तार का वाजत न्हाई गं?"

 मी मान हलवली.

"ही गोष्ट मी लई जणांस्नी सांगितली," ती म्हणाली. "फांद्या का मोडत होती म्हटलं, की समदी एकच उत्तर देत्यात. पोराला माघारी जाताना वाट सापडावी म्हणून. गोष्टीत तसंच हाय. आईचं काळीज. मीबी तसंच सांगत आले. पण म्हातारी परत येणार, असं आजवर एकानंबी म्हटलं न्हाई." ती ओइकावासानकडं वळली. "मला ही पाहिजे. जिला म्हातारी परत येईल असं वाटतंय, ती."

मुलाखत संपल्यावर सेन्सेईंनी कबूल केल्याप्रमाणे गाठोडं उघडलं. आत एक साधा मोबाइल होता आणि तो उभा राहावा म्हणून लावलेला तंबोऱ्याच्या भोपळ्याचा तुकडा. बस. तबस्सुमचा चेहरा इतका पडला, की अस्थी निघाल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तोमेसान, म्हणजे ती म्हातारी, सेन्सेईंची तिकडची शेजारीण. सेन्सेई नव्या नवरीसारख्या त्या गावात गेल्या, एक शब्द येत नव्हता, तेव्हा तोमेसाननं ओसरीवर सोयाबीन सोलता सोलता त्यांना गोष्टी सांगून भाषा शिकवली होती. पुढं गावातली मुलं शहरात गेली, शाळा बंद पडली. तोमेसान वृद्धाश्रमात आली आणि गोष्ट ऐकायला कुणी उरलं नाही. आधी दोन मुली तिथं नोकरीला येऊन गेल्या होत्या. भाषा उत्तम, तोंडानं 'हाय हाय', आणि लक्ष दाराकडं. तेव्हा तोमेसाननं हट्ट धरला, की एक मुलगी मी निवडणार, कानानं. ओइकावासाननी एका जागेपुरतं ते मानलं. मग रोज दुपारी दोनला तिचं जेवण उरकलं, की आमच्याकडं साडेदहा वाजायचे. फोनवर आमची गोष्ट ऐकत ती पलंगावर पडून राहायची.

"आम्हाला आधी का सांगितलं न्हाईत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. ऐकल्यासारखं केलं असतं."

"तरी हे बरोबर न्हवतं."

"नव्हतं," सेन्सेई म्हणाल्या आणि नजर दिली.

ते बरोबर नव्हतं, असं मी आजही म्हणते. चोरून ऐकणं ते चोरून ऐकणंच. पण त्या दिवशी मला राग आणि आनंद एकदमच झाला, आणि घरी गेल्यावर अण्णांपुढं मी ढसाढसा रडले. आईनं या वेळी पेढे वाटले नाहीत. मी विमानात बसल्याचा फोटो आल्यावर वाटले.

व्यवस्थापकांच्या पसंतीनं सुवार्ता आणि तोमेसानच्या पसंतीनं मी, अशा आम्ही दोघी त्या बर्फात जाऊन पोचलो. तोमेसाननं मला तिच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. मी दर वाक्याला शंका काढायची, ती चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच हाक मारायची. मिरजेत नव्या मुली येत राहिल्या. रोज दुपारी मी तिच्या उशाशी मोबाइल लावून द्यायची आणि ती डोळे मिटून त्यांचे हुंकार ऐकायची.

मग एका थंडीत तिच्या मेंदूत रक्त साकळलं. जीव वाचला, पण वाचा गेली, उजवा हात गेला. डोळे उघडे असायचे, पण कुणाकडं वळायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, पण समजत नाही. ओइकावासान म्हणाले, आता परतणं कठीण. तिचा मुलगा शहरातून आला, तासभर बसला, त्यानं कागदांवर सह्या केल्या आणि गेला. सुवार्तानं मला बाजूला घेतलं. "त्रिशला, आता तो फोन लावायचा बंद कर. तिला काय कळत न्हाई. तुलाच त्रास होतोय."

"तिला काय कळत न्हाई, हे कशावरनं?"

"डॉक्टर म्हणाले की."

"डॉक्टर म्हणू देत," मी म्हणाले. "मला संशय आहे."

मी मोबाइल लावत राहिले. हिवाळा गेला, खिडकीबाहेरचा बर्फ काळा पडून वितळू लागला. तिच्या तोंडून काही आलं नाही. माझ्या मनात मात्र एकच होतं. ही म्हातारी लबाड आहे. जाताना हिनं फांद्या मोडून ठेवल्या असणार.

त्या दुपारी दोनला मी नेहमीप्रमाणे मोबाइल तिच्या उशाशी उभा केला. मिरजेत सेन्सेईंनी पंखा बंद केला, त्याची घरघर थांबलेली कळली. खाली तंबोऱ्याची एक तार वाजत होती. नव्या मुलींनी आपापली नावं सांगितली. सेन्सेईंनी डोंगराची गोष्ट काढली. वाक्य संपलं की पलीकडून मुलींचं टवटवीत 'हाय', मग पुढचं वाक्य. मुलगा चढू लागला. आई पाठीवर. फांद्या मोडत होती, टाकत होती.

"मुलानं विचारलं, आई, फांद्या का मोडतेस?"

मुलींचा हुंकार आला. सेन्सेई पुढचं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात माझ्या हाताखालची चादर हलली. तोमेसानचे ओठ सुटे झाले, घशात बारीक शिट्टी वाजली, आणि सगळ्यांच्या मागून, एकटाच, एक हुंकार आला.

"हुं."

आला तिच्या तोंडून, पण तिचा नव्हे, माझा होता तो. मराठी. माझ्याकडून कधी उचलला होता कोण जाणे.

पलीकडं मिरजेत मुली कुजबुजू लागल्या. कुणीतरी विचारलं, "सेन्सेई, गाठोड्यातनं आवाज आला का?"  पुढचं वाक्य सांगायला सेन्सेईंना बराच वेळ लागला. इकडं तोमेसान आणि मी, आम्ही दोघी थांबलो.